शेंदरी बोंडअळीच्या मादीचा गंध : तो गोळा करण्याची व ओळखण्याची रीत

कापसाच्या शेतात कामगंध सापळे लावण्याची पद्धत आता महाराष्ट्रातील पुष्कळ शेतकऱ्यांच्या परिचयाची झाली आहे. ह्या सापळ्यात रबराचे एक लहानसे बूच टांगलेले असते. त्यास कोणी ‘ल्युअर’ म्हणतात, कोणी नुसती ‘गोळी’ म्हणतात. माणसाच्या नाकास त्याचा वास जवळजवळ येत नाही. परंतु शेंदरी बोंडअळीचा नर पतंग रात्रीच्या अंधारात वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडत येतो आणि नेमका त्याच सापळ्यात पडतो. शेजारच्या झाडावरील इतर जातींचे पतंग मात्र त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

हे असे का होते, असा प्रश्न गावातील सभेत नेहमी विचारला जातो. बुचात भरलेले द्रव्य कारखान्यात तयार होते. मग ते मादीच्या गंधाशी तंतोतंत जुळते हे कशावरून ठरले? डोळ्यांना न दिसणारा, नाकाला न कळणारा हा निरोप जिवंत कीटकाकडून शास्त्रज्ञांनी मिळविला तरी कसा? ह्या प्रश्नांचे उत्तर गावपातळीवरील कार्यकर्त्यास ठाऊक असणे अगत्याचे आहे. सापळ्यातील पतंगांची संख्या पाहून फवारणी करावयाची की नाही हे ठरते. फवारणी वेळेवर झाली नाही तर अळी बोंडात शिरून बसते आणि नंतर कोणतेही औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. फवारणी विनाकारण झाली तर पैसा जातो, मित्रकीटक मरतात आणि माणसासही धोका पोहोचतो. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी व शेतमजूर दगावले, ही गोष्ट कोणी विसरलेले नाही. सापळ्यातील आकड्यावर विसंबावयाचे तर तो आकडा कशाच्या आधारावर उभा आहे, हे समजून घेतले पाहिजे.

गंध हीच भाषा

पतंगाची मादी नरास बोलाविते ती आवाजाने नव्हे किंवा रंगानेही नव्हे, तर गंधाने, हे प्रथम साध्या निरीक्षणावरून लक्षात आले. फ्रान्समधील सुप्रसिद्ध कीटकनिरीक्षक झाँ आंरी फाब्र ह्यांनी मोठ्या मयूर पतंगाची नुकतीच कोषातून निघालेली एक मादी तारेच्या जाळीखाली झाकून ठेविली. त्या रात्री त्या जातीचे नर घराच्या खिडक्यांतून आत शिरले व जाळीभोवती घिरट्या घालू लागले. हवाबंद डब्यात मादी ठेविली असता मात्र एकही नर आला नाही. दुसऱ्या एका जातीच्या पतंगावर प्रयोग करताना त्यांनी मादी काचेखाली सर्वांना दिसेल अशी ठेविली आणि ती आदल्या रात्री ज्या जाळीखाली होती ती रिकामी जाळी खोलीत दुसरीकडे ठेविली. नर आले ते समोर दिसणाऱ्या मादीकडे गेले नाहीत. ते रिकाम्या जाळीकडे गेले. मादीचा गंध जाळीस लागून राहिला होता, आणि नराचा विश्वास डोळ्यांवर नसून त्या गंधावर होता.

एका कीटकाने शरीराबाहेर सोडावे आणि त्याच जातीच्या दुसऱ्या कीटकाच्या वर्तनात बदल घडवून आणावा, अशा द्रव्यास १९५९ मध्ये पेटर कार्लसन व मार्टिन ल्यूशर ह्या शास्त्रज्ञांनी ‘फेरोमोन’ हे नाव दिले. ह्यांपैकी जे द्रव्य मिलनासाठी जोडीदारास बोलाविते त्यास मराठीत ‘कामगंध’ हा शब्द रूढ झाला आहे. मुंगी वाट दाखविण्यासाठी, मधमाशी धोक्याची सूचना देण्यासाठी वेगवेगळे गंध सोडते. ह्या लेखात मुख्यतः पतंगाच्या कामगंधाचाच विचार केला आहे.

पाच लक्ष माद्यांपासून चिमूटभरही नाही

कामगंधाची रासायनिक ओळख पटविण्याचे पहिले यश जर्मनीत मिळाले. आडोल्फ बूटेनांट आणि त्यांचे सहकारी ह्यांनी रेशीमकिड्याच्या पतंगावर सुमारे वीस वर्षे काम केले आणि १९५९ मध्ये त्याच्या कामगंधाची ओळख जाहीर केली. रेशीमकिडा निवडण्याचे कारण व्यावहारिक होते. तो पाळीव आहे आणि त्याचे कोष हवे तितके मिळू शकतात. ह्या कामासाठी सुमारे ५,००,००० माद्यांच्या गंधग्रंथी काढाव्या लागल्या, आणि एवढ्या सर्व खटाटोपातून हाती आलेले शुद्ध द्रव्य केवळ काही मिलिग्रॅम होते. त्यास ‘बॉम्बिकॉल’ असे नाव देण्यात आले.

पाच लक्ष माद्या मारण्याची पाळी का आली? कारण एका मादीजवळ हे द्रव्य अत्यल्प असते. पतंगाच्या कामगंधाचे माप ज्या एककात करतात ते नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग होय. त्या काळच्या उपकरणांना इतके थोडे द्रव्य पुरत नसे. पुढे उपकरणे सूक्ष्म झाली तसतशी माद्यांची गरज कमी होत गेली. आज थोड्या मोजक्या माद्यांपासूनही काम भागू शकते, आणि मुख्य म्हणजे त्यांना न मारता त्यांनी हवेत सोडलेला गंध जसाच्या तसा पकडता येतो.

गंध केव्हा घ्यावा

गंध गोळा करण्यापूर्वी कीटकाचे वेळापत्रक जाणून घ्यावे लागते. गाय जशी ठरावीक वेळेला पान्हा सोडते, तशीच पतंगाची मादी ठरावीक वेळेलाच गंध सोडते. शेंदरी बोंडअळीची मादी हे काम मध्यरात्र उलटल्यावर करते. त्या वेळी ती एका जागी स्थिर बसते आणि पोटाच्या टोकाशी असलेली गंधग्रंथी बाहेर काढते. शास्त्रज्ञ ह्या अवस्थेस ‘मादी साद घालीत आहे’ असे म्हणतात. दिवसा घेतलेल्या नमुन्यात गंध नसण्याचा किंवा फारच कमी असण्याचा संभव असतो.

दुसरी गोष्ट अशी की, माद्या मिलन न झालेल्या असाव्या लागतात, कारण मिलनानंतर साद घालणे बंद होते किंवा मंदावते. म्हणून नर व मादी पतंग बाहेर येण्यापूर्वीच वेगळे करतात. शेंदरी बोंडअळीत हे काम अळीच्या अवस्थेतही करता येते. पूर्ण वाढलेल्या नर अळीच्या पाठीवर कातडीतून एक काळपट ठिपका दिसतो. मादी अळीस तो नसतो. प्रयोगशाळेत खोलीतील उजेड व अंधार घड्याळाप्रमाणे ठेवून कीटकांची रात्र कामाच्या सोयीच्या वेळी आणतात. त्यामुळे मादीची मध्यरात्र संशोधकाच्या दुपारी येऊ शकते.

गोळा करण्याच्या दोन रीती

पहिली रीत ग्रंथी धुण्याची होय. मादी साद घालीत असताना तिच्या पोटाचे टोक कापून घेतात आणि हेक्झेनसारख्या द्रावकाच्या एका थेंबात काही मिनिटे बुडवून ठेवितात. गंध द्रावकात उतरतो. ही रीत सोपी व जलद आहे. परंतु तिच्यात एक उणीव आहे. ग्रंथीमध्ये गंधाबरोबर चरबी असते, गंध तयार होण्यापूर्वीची कच्ची द्रव्ये असतात, आणि मादी कधीही हवेत सोडीत नाही असे पदार्थही असतात. स्वयंपाकघरातील सर्व डबे पालथे केले म्हणून पानात काय वाढले होते हे कळत नाही, तसाच हा प्रकार आहे. मादीने नरास कोणता निरोप पाठविला हे जाणून घ्यावयाचे तर तिने हवेत काय सोडले हेच पाहावे लागते.

म्हणून दुसरी रीत, म्हणजे जिवंत कीटकावरून हवा वाहून नेण्याची, अधिक विश्वसनीय मानली जाते. तिची मांडणी पुढीलप्रमाणे असते.

१. काचेचे एक भांडे स्वच्छ धुऊन भट्टीत तापवितात, म्हणजे त्यास चिकटलेले जुने वास जळून जातात. भांड्यात माद्या ठेवितात. त्यांना अंग टेकण्यासाठी आधार देतात.

२. आत जाणारी हवा प्रथम क्रियाशील कोळशाच्या थरातून गाळून घेतात. त्यामुळे खोलीतील, धुराचे किंवा माणसाच्या अंगाचे वास आत जात नाहीत.

३. बाहेर पडणारी हवा एका बारीक काचनळीतून पंपाने सावकाश ओढतात. ह्या नळीत गंध धरून ठेवणाऱ्या सच्छिद्र भुकटीचा लहानसा थर असतो. हवा निघून जाते. गंधाचे कण भुकटीवर अडकून राहतात.

४. ठरलेले तास पूर्ण झाल्यावर भुकटी द्रावकाच्या थोड्या थेंबांनी धुऊन घेतात. हा धुवण काचेच्या लहान कुपीत बंद करून अतिथंड ठिकाणी ठेवितात. कुपीवर कीटकाचे नाव, संख्या, वय, तारीख व वेळ लिहितात.

अलीकडे ह्याहूनही सुटसुटीत असे एक साधन वापरात आले आहे. सुईच्या टोकाशी बसविलेल्या केसासारख्या तंतूवर गंध शोषून घेणारा लेप असतो. ही सुई मादीजवळ काही वेळ धरून ठेवितात व नंतर थेट तपासणीच्या यंत्रात टोचतात. द्रावकाची गरजच पडत नाही.

ह्या सर्व कामात एक नियम कधीही मोडीत नाहीत. माद्यांच्या भांड्याशेजारी तशीच आणखी भांडी मांडतात. एक अगदी रिकामे असते, दुसऱ्यात केवळ खाद्य म्हणजे साखरपाण्याचा बोळा असतो, तिसऱ्यात नुसते नर असतात. ह्या सर्वांतून सारखीच हवा सारखाच वेळ ओढतात. जो पदार्थ रिकाम्या भांड्यातही सापडतो तो मादीचा असू शकत नाही. तो रबरी नळीचा, हातास लावलेल्या तेलाचा किंवा साबणाचा असतो. जो फक्त माद्यांच्या भांड्यात सापडतो त्याचीच पुढे चौकशी करतात. रिकाम्या भांड्याशिवाय केलेल्या कामास शास्त्रात किंमत नाही.

मिश्रणातून नेमका पदार्थ कसा निवडतात

गोळा केलेल्या थेंबात अनेक पदार्थ मिसळलेले असतात. त्यांना वेगळे करण्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचे यंत्र वापरतात. त्यात सुमारे तीस मीटर लांबीची, पोकळी पाव मिलिमीटरइतकी बारीक असलेली नळी वेटोळे करून बसविलेली असते. थेंब तापून वायुरूप होतो व नळीतून वाहू लागतो. यात्रेत निघालेल्या मंडळींपैकी चपळ माणसे पुढे व संथ माणसे मागे पडतात, त्याप्रमाणे निरनिराळे पदार्थ निरनिराळ्या वेळी नळीच्या टोकाशी पोहोचतात. प्रत्येक पदार्थ पोहोचला की आलेखावर एक शिखर उमटते.

परंतु शिखरे अनेक असतात. त्यांतले नरास बोलाविणारे कोणते? येथे नर पतंगालाच साक्षीस बोलावितात. नराच्या डोक्यावरील शृंगिका, म्हणजेच त्याच्या मिशा, हे त्याचे नाक होय. जर्मनीतील डीट्रिख श्नायडर ह्यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले की, नर रेशीम पतंगाची शृंगिका दोन विद्युत्‌वाहक टोकांमध्ये बसवून तिच्यावर मादीचा गंध सोडला असता तिच्यात विजेचा सूक्ष्म फरक उमटतो. १९६९ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी ही शृंगिका गॅस क्रोमॅटोग्राफच्या नळीस जोडली. नळीतून बाहेर पडणारा प्रवाह दुभागतात. अर्धा भाग यंत्राच्या मापकाकडे जातो, अर्धा शृंगिकेवरून वाहतो. दोन आलेख एकाखाली एक उमटतात. वरच्या आलेखावर पन्नास शिखरे असोत. ज्या क्षणी खालच्या आलेखावर शृंगिकेची रेघ हलते, त्या क्षणाचे शिखर हेच विचारात घेण्याजोगे. पुष्कळदा वर मोठी शिखरे असताना शृंगिका गप्प राहते आणि जेथे यंत्रास जेमतेम काही दिसते तेथे ती दचकून उठते.

नंतर मास स्पेक्ट्रोमीटर ह्या यंत्राने त्या पदार्थाचे रेणू फोडून तुकड्यांच्या वजनावरून मूळ रचनेचा अंदाज बांधतात. रेणूतील दुहेरी बंध कितव्या जागी आहे, त्याचा वाक कोणत्या बाजूस आहे, हे आणखी परीक्षा करून ठरवितात. शेवटी तोच पदार्थ प्रयोगशाळेत तयार करून सर्व बाबतींत मूळच्याशी ताडून पाहतात.

एका चुकीच्या ओळखीची हकिगत

एवढे झाल्यावर काम संपले असे वाटेल. ते संपत नाही, हे शेंदरी बोंडअळीच्याच इतिहासावरून शिकता येते. ह्या किडीचे शास्त्रीय वर्णन १८४३ मध्ये डब्ल्यू. डब्ल्यू. सॉन्डर्स ह्यांनी भडोच येथील कापसावरील नमुन्यांवरून केले. पुढे ती इजिप्तपासून अमेरिकेपर्यंत पसरली. तिचा कामगंध ओळखण्याचे प्रयत्न अमेरिकेत झाले. १९६६ मध्ये लक्षावधी माद्यांपासून काढलेल्या अर्कावरून एका पदार्थाची ओळख प्रसिद्ध करण्यात आली व त्यास ‘प्रोपिल्यूर’ असे नाव मिळाले. परंतु इतरांनी तोच पदार्थ तयार करून पाहिला तेव्हा नर त्याकडे येईनात. मग १९६८ मध्ये असे प्रतिपादन करण्यात आले की, त्यासोबत दुसरे एक द्रव्य असल्याशिवाय त्याचा प्रभाव पडत नाही. तरीही शेतात काम भागेना. दरम्यान शेकडो कृत्रिम पदार्थ एकामागून एक नरांसमोर ठेवून पाहिल्यावर ‘हेक्झाल्यूर’ नावाचा एक पदार्थ काही प्रमाणात उपयोगी ठरला. तो १९६९ मध्ये जाहीर झाला. पण मादीचा खरा गंध तो नव्हे.

१९७३ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी हा गोंधळ निस्तरला. खरा कामगंध दोन जवळच्या पदार्थांचे मिश्रण आहे असे दिसून आले. दोहोंची साखळी सोळा कार्बनची, दोहोंत दुहेरी बंध सातव्या व अकराव्या जागी. फरक इतकाच की, अकराव्या जागचा वाक एकात एका बाजूस व दुसऱ्यात दुसऱ्या बाजूस. दोन्ही जवळजवळ समसमान प्रमाणात मिसळले म्हणजे नर धावत येतो. ह्या मिश्रणास ‘गॉसिप्लूर’ हे नाव मिळाले. आज शेंदरी बोंडअळीच्या सापळ्यातील बुचात तेच असते.

आधीची चूक निष्काळजीपणाची होती असे म्हणता येणार नाही. अर्कामध्ये खरे द्रव्य कणमात्र असते आणि सोबतचे निरुपयोगी पदार्थ पुष्कळ असतात. यंत्रास जे ठळक दिसते तेच खरे, असे समजण्याचा मोह होतो. अमेरिकेतील जंगलांचा फडशा पाडणाऱ्या जिप्सी पतंगाच्या बाबतीतही असेच घडले. १९६० मध्ये जाहीर झालेली ओळख टिकली नाही; खरा गंध १९७० मध्ये सापडला. दोन्ही वेळा यंत्राचे म्हणणे मान्य झाले होते, पण शेतातील नराने ते मान्य केले नाही. ह्या विषयात अखेरचा निवाडा त्याचाच असतो.

गॉसिप्लूरच्या दोन घटकांसंबंधी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्यांपैकी एकच घटक साठविलेल्या धान्यातील एका पतंगाच्या मादीचा कामगंध आहे. हा पतंग भात, मका, गहू, ज्वारी ह्यांच्या दाण्यांत वाढतो. म्हणजे दोन्ही घटक बरोबरीने असले तर कापसाच्या किडीचा निरोप, आणि एकच असला तर धान्याच्या किडीचा. अक्षरे तीच, शब्द निराळा. प्रमाण बिघडले की निरोपाचा अर्थच बदलतो.

शेतावर ह्या ज्ञानाचा उपयोग

खऱ्या गंधाची ओळख पटल्यावर त्याचा उपयोग दोन प्रकारे होऊ लागला. एक सापळ्यासाठी, दुसरा, संपूर्ण शेतातील हवा ह्या गंधाने भरून टाकून नरास मादी सापडू न देण्यासाठी. ह्या दुसऱ्या कामासाठी गॉसिप्लूरला अमेरिकेत १९७८ मध्ये सरकारी नोंदणी मिळाली. बीटी कापूस, वंध्य पतंग सोडणे, हंगामानंतर पऱ्हाट्या नष्ट करणे आणि कामगंधाचा वापर, असे सर्व उपाय एकत्र योजून अमेरिकेतील कापूस पट्ट्यातून ही कीड नाहीशी झाल्याचे २०१८ मध्ये तेथील कृषी खात्याने जाहीर केले. आपल्याकडे मात्र ह्या किडीने बीटी कापसातील विषास दाद न देण्याची शक्ती मिळविली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापसाची मोठी हानी केली. म्हणून येथे सापळ्याचे महत्त्व कमी न होता वाढले आहे.

प्रयोगशाळेत जी शिस्त पाळतात तीच सापळ्याजवळ पाळावयाची आहे. शेतकरी बंधूंनी व कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

१. पेरणीनंतर सुमारे ४५ दिवसांनी हेक्टरी ५, म्हणजे एकरी २ सापळे लावावेत. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा सुमारे एक फूट उंच असावा आणि पीक वाढेल तसा वर सरकवावा.

२. बूच शेंदरी बोंडअळीचेच आहे ना, हे वेष्टनावर वाचून घ्यावे. हरभऱ्यावरील घाटेअळीचे, लष्करी अळीचे व शेंदरी बोंडअळीचे बूच निरनिराळे असते. एका सापळ्यात दोन किडींची बुचे ठेवू नयेत. एका किडीचे बूच हाताळल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय दुसऱ्याचे बूच हातात घेऊ नये. हातास कीटकनाशकाचा, तंबाखूचा किंवा तेलाचा वास नसावा.

३. बुचातील गंध हळूहळू उडून जातो. वेष्टनावर दिलेल्या मुदतीनुसार बूच बदलावे व बदलल्याची तारीख सापळ्यावर लिहावी. जुने बूच शेतात टाकू नये. ते तेथेही नरांना बोलावीत राहते आणि आकडा बिघडवते. न वापरलेली बुचे बंद वेष्टनात, थंड जागी ठेवावीत.

४. दररोज सकाळी ठरावीक वेळी पतंग मोजावेत, वहीत लिहावेत आणि मोजलेले पतंग काढून टाकावेत. काल राहिलेले पतंग आज पुन्हा मोजले तर आकडा खोटा होतो. ज्या दिवशी मोजणी झाली नाही त्या दिवशी रकाना कोरा ठेवावा. शून्य लिहू नये. शून्य म्हणजे पतंग आले नाहीत, आणि कोरा म्हणजे पाहिले नाही. ह्या दोहोंत फार अंतर आहे.

५. सलग तीन रात्री दर सापळ्यात सरासरी ८ किंवा अधिक पतंग आढळल्यास आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजावे. ह्या सोबत फुले व बोंडेही पाहावीत. डोमकळ्या १० टक्के झाल्या, किंवा तोडून पाहिलेल्या २० हिरव्या बोंडांपैकी २ बोंडांत अळी सापडली, तर तोही इशाराच होय.

६. सापळ्यात केवळ नर येतात. मादी शेतातच राहते व अंडी घालते. म्हणून सापळ्यात पतंग सापडले म्हणजे कीड आटोक्यात आली असे समजू नये. नियंत्रणाचे उपाय निराळे योजावेत, फवारणी शिफारस केलेल्या औषधाचीच करावी, व ती करताना हातमोजे, चष्मा व तोंडावरील आच्छादन वापरावे. डिसेंबरनंतर फरदड घेऊ नये आणि पऱ्हाट्या शेतात किंवा बांधावर रचून ठेवू नयेत.

गावात करून दाखविण्याजोगा प्रयोग

कार्यकर्त्याने सांगितलेल्या गोष्टीपेक्षा डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट शेतकऱ्यास अधिक पटते. त्यासाठी एक सोपा प्रयोग करता येईल. एकाच शेतात, एकमेकांपासून चांगल्या अंतरावर, एकाच बनावटीचे दोन सापळे एकाच उंचीवर लावावेत. एकात बूच ठेवावे, दुसरा रिकामा ठेवावा. तीन रात्रींनंतर दोन्हींची जागा आपसांत बदलावी व आणखी तीन रात्री मोजणी करावी. जागा बदलल्यावरही पतंग बुचाच्याच सापळ्यात आले, तर ते जागेमुळे किंवा सापळ्याच्या रंगामुळे आले नाहीत, गंधामुळे आले, हे सर्वांना आपोआप कळेल. प्रयोगशाळेतील रिकाम्या भांड्याचे जे काम, तेच येथे रिकाम्या सापळ्याचे आहे.

रबराच्या एवढ्याशा बुचात अनेकांच्या वर्षांचे श्रम साठविलेले आहेत. मादीच्या निरोपाची ओळख पटविताना शास्त्रज्ञांनी चूक केली तेव्हा ती शेतातील नर पतंगाने दाखवून दिली, आणि त्यांनी ती मान्य केली म्हणूनच खरा गंध हाती आला. शेतकऱ्याच्या वहीतील आकडाही तितकाच खरा असला पाहिजे. तो खरा असेल तर फवारणी योग्य दिवशी होईल, आणि ज्या दिवशी तिची गरज नाही त्या दिवशी पंप घरीच राहील.

चर्चेसाठी प्रश्न

१. मृत मादीच्या अर्कापेक्षा जिवंत मादीने हवेत सोडलेला गंध तपासणे अधिक योग्य का?

२. गंध गोळा करताना रिकामे भांडे कशासाठी ठेवितात? शेतावर त्याची जागा कोण घेते?

३. प्रोपिल्यूरची ओळख चुकीची आहे हे कशावरून उघड झाले?

४. मोजणीच्या वहीत शून्य व कोरा रकाना ह्यांत काय फरक आहे? त्यांची अदलाबदल झाल्यास फवारणीचा निर्णय कसा चुकेल?